जीनोम वाचून झाला, प्रथिने अजून बाकी

२०२१च्या फेब्रुवारीत विदर्भात करोनाचे रुग्ण पुन्हा वाढू लागले. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत टाळेबंदी लागली. उरलेल्या महाराष्ट्रात तेव्हा पहिली लाट ओसरल्याचे समाधान होते. महिनाभराने, २४ मार्चला, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले, की महाराष्ट्रातून आलेल्या नमुन्यांपैकी सुमारे १५ ते २० टक्के नमुन्यांत विषाणूचे दोन विशिष्ट बदल आढळत आहेत आणि डिसेंबरच्या तुलनेत त्यांचे प्रमाण वाढले आहे. त्या बदलांची नावे होती एल४५२आर आणि ई४८४क्यू. हे बदल दाखवणाऱ्या विषाणूच्या कुळातल्या एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेने पुढे ‘डेल्टा’ हे नाव दिले.

हे कळले कसे? डिसेंबर २०२०च्या अखेरीस केंद्र सरकारने दहा प्रयोगशाळांचे ‘इन्साकॉग’ नावाचे जाळे उभे केले होते. त्यांतल्या दोन प्रयोगशाळा पुण्यात होत्या: राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र. रुग्णांच्या नमुन्यांतल्या विषाणूची जवळपास ३० हजार रासायनिक अक्षरे एकामागून एक वाचायची आणि कुठे काय बदलले ते टिपायचे, हे त्यांचे काम. शेकडो नमुने एकाच फेरीत यंत्रात घालता येतात म्हणूनच ते शक्य झाले. मुंबई महापालिकेने ऑगस्ट २०२१मध्ये कस्तुरबा रुग्णालयात स्वतःची अशी प्रयोगशाळा सुरू केली, तिची क्षमता एका फेरीत ३८४ नमुन्यांची होती.

पण एल४५२आर म्हणजे काय, ते नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. विषाणूच्या काटेरी प्रथिनात ४५२व्या जागी ल्यूसीन नावाचे अमिनो आम्ल असायला हवे, तिथे आर्जिनिन आले आहे. यंत्राने वाचले ते जनुक. माणसाच्या पेशीला चिकटते ते मात्र प्रथिन. विषाणू जास्त पसरतो की नाही, प्रतिपिंडांना चकवतो की नाही, हे त्या प्रथिनाच्या घडणीवर ठरते. शरीरातली जवळपास सगळी कामे प्रथिने करतात. ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन, साखर ताब्यात ठेवणारे इन्सुलिन, अन्न पचवणारी विकरे, जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे ही सगळी प्रथिने. जनुकांत फक्त ती कशी बांधायची याची कृती असते.

मग आज जनुके वाचणारी यंत्रे महापालिकेच्या रुग्णालयापर्यंत पोहोचली, आणि प्रथिने वाचणारी यंत्रे अजून बहुतांशी संशोधन संस्थांतच का आहेत? जैविक तंत्रज्ञानाच्या गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

गंमत अशी, की वाचनाची सुरुवात प्रथिनांपासून झाली होती. केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर यांनी १९४०च्या दशकात गाईच्या इन्सुलिनवर काम सुरू केले. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, हे माहीत होते. पण त्या माळेतला क्रम ठरलेला असतो की कसाही, याबद्दलच मतभेद होते. सँगर यांनी इन्सुलिनचे तुकडे केले, ते कागदावर वेगळे केले, प्रत्येकाच्या टोकाला रंग देणारे रसायन जोडले आणि सुमारे दहा वर्षे खपून १९५५पर्यंत त्यातल्या ५१ अमिनो आम्लांचा क्रम लावला. क्रम ठरलेलाच असतो, हे सिद्ध झाले. १९५८चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. त्यानंतर ते डीएनएकडे वळले. १९७७मध्ये त्यांच्या गटाने जिवाणूंना लागण करणाऱ्या फाय-एक्स-१७४ या चिमुकल्या विषाणूची सुमारे ५,४०० अक्षरे वाचली आणि त्याच वर्षी डीएनए वाचण्याची त्यांची प्रसिद्ध पद्धत जगापुढे आली. १९८०मध्ये दुसरे नोबेल. प्रथिन आणि डीएनए, दोन्ही वाचायला शिकवणारा माणूस एकच.

केंब्रिजमध्येच १९५६मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केलेला एक प्रयोग महाराष्ट्राने विशेष लक्षात ठेवावा असा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत सिकलसेल हा आजार घराघरांत ठाऊक आहे. इन्ग्रॅम यांनी निरोगी आणि सिकलसेल रुग्णाचे हिमोग्लोबिन ट्रिप्सिन या पाचक विकराने कापले. झालेले तुकडे ओल्या कागदावर आधी विजेने एका दिशेने सरकवले, मग द्रावकाने आडव्या दिशेने. कागदावर सुमारे तीस ठिपके उमटले. दोन्ही कागदांत एकच ठिपका वेगळ्या जागी होता. पुढच्या वर्षी त्यांनी दाखवले, की त्या तुकड्यात एका जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले आहे. वेदना, रक्तक्षय, लहान वयातले मृत्यू, हे सगळे दुःख एका अमिनो आम्लाच्या अदलाबदलीतून आले होते. आनुवंशिक आजाराचे मूळ रेणूच्या एका जागेपर्यंत नेणारा हा पहिला शोध, आणि तो प्रथिन वाचून लागला होता. त्या वेळी जनुक वाचण्याची कोणतीही रीत अस्तित्वात नव्हती.

पुढे डीएनएने बाजी मारली, कारण डीएनएची नक्कल करता येते. दुपदरी डीएनएचा एक पदर मिळाला, की दुसरा त्यावरून बेतता येतो, आणि पेशीतले पॉलिमरेज हे विकर तेच काम करते. अमेरिकेत कॅरी म्युलिस यांना १९८३मध्ये ही नक्कल परीक्षानळीत पुन्हा पुन्हा करण्याची कल्पना सुचली. करोनाकाळात घरोघरी पोहोचलेली पीसीआर ती हीच. एका रेणूचे दोन, दोनांचे चार, असे तीस फेऱ्यांत शंभर कोटींवर रेणू होतात. नमुन्यात डीएनए कितीही कमी असो, वाचण्यापुरता वाढवता येतो. प्रथिनाच्या बाबतीत असे काही नाही. प्रथिनापासून प्रथिन बनत नाही. नमुन्यात शंभर रेणू असतील, तर शंभरांवरच भागवावे लागते.

या फरकाचा पुरेपूर फायदा घेतला गेला तो १९९७नंतर. त्याआधी १९९०मध्ये माणसाचा संपूर्ण डीएनए, म्हणजे जीनोम, वाचण्यासाठी मानवी जीनोम प्रकल्प सुरू झाला होता. तेरा वर्षे आणि सुमारे तीन अब्ज डॉलर खर्चून २००३मध्ये तो पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. यंत्रे सुधारली, तरी पद्धत मुळात सँगर यांचीच होती: प्रत्येक तुकडा स्वतंत्र नळीत किंवा केसासारख्या नलिकेत वाचायचा. शंभर नलिकांचे यंत्र आले तरी शंभरच तुकडे एका वेळी. अशा वाटेने प्रत्येक रुग्णाचा जीनोम वाचणे कधीच परवडले नसते.

शंकर बालसुब्रमण्यन आणि डेव्हिड क्लेनरमन हे केंब्रिजमधले दोन रसायनशास्त्रज्ञ. बालसुब्रमण्यन यांचा जन्म चेन्नईचा, बालपण इंग्लंडमधले. जीनोम वाचणे हा दोघांच्या संशोधनाचा हेतू नव्हता. एकटे पॉलिमरेज डीएनएवरून कसे सरकते, ते चमकणाऱ्या रंगांच्या मदतीने त्यांना पाहायचे होते. १९९७च्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेजवळच्या पँटन आर्म्स या पबमध्ये झालेल्या गप्पांतून त्यांच्या लक्षात आले, की रेणू काचेवर स्थिर बसवले आणि प्रत्येक अक्षर जोडले जाताना छायाचित्र घेतले, तर एका काचेवर लाखो तुकडे एकाच वेळी वाचता येतील. १९९८मध्ये सोलेक्सा ही कंपनी निघाली. २००५मध्ये त्यांच्या यंत्राने पहिला संपूर्ण जीनोम वाचला, तो सँगर यांच्याच फाय-एक्स-१७४चा. २००७मध्ये अमेरिकेतल्या इल्युमिना कंपनीने सोलेक्सा विकत घेतली. आज जगातले बहुतांश जनुकवाचन याच रीतीने चालते.

ही रीत समजायला अवघड नाही. नमुन्यातला डीएनए काहीशे अक्षरांच्या तुकड्यांत तोडतात. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना ठरावीक क्रमाच्या पट्ट्या जोडतात. काचेच्या पृष्ठभागावर त्या पट्ट्यांना जुळणारे धागे आधीच रोवलेले असतात. त्यांवर तुकडे जाऊन बसतात. मग जागच्या जागी प्रत्येकाच्या सुमारे हजार नकला होतात आणि एकसारख्या रेणूंचा छोटा पुंजका तयार होतो. एकटा रेणू कॅमेऱ्याला दिसणे कठीण, हजारांचा पुंजका सहज दिसतो. आता चार रंगांची चार अक्षरे सोडायची. प्रत्येक अक्षराला एक रासायनिक अडसर लावलेला असतो, त्यामुळे एकदा एकच अक्षर जोडले जाते. छायाचित्र घ्यायचे, रंग आणि अडसर काढायचे, पुढचे अक्षर सोडायचे. असे प्रत्येक टोकाकडून दीडशे वेळा. काचेवर असे अब्जावधी पुंजके असतात आणि प्रत्येक छायाचित्रात ते सगळे एकदम वाचले जातात. वेग वाढला तो एक तुकडा लवकर वाचून नव्हे. सगळे तुकडे एकदम वाचल्यामुळे.

यातून हाती येतात दीडशे-दीडशे अक्षरांचे तुकडे. एखाद्या जाड ग्रंथाच्या तीस प्रतींच्या चिंध्या कराव्यात आणि एक अखंड छापील प्रत शेजारी ठेवून प्रत्येक चिंधी कुठल्या पानावरची ते ओळखावे, तसे संगणक या तुकड्यांची जागा ठरवतो. प्रत्येक ओळ तीसेक वेळा वाचलेली असल्यामुळे एखाद्या चिंधीतली चूक लगेच उघडी पडते. हा सगळा खटाटोप ज्या छापील प्रतीच्या आधारावर उभा असतो, ती अर्थातच मानवी जीनोम प्रकल्पाची.

ती प्रत कोणाची? मार्च १९९७मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या वृत्तपत्रात रक्तदात्यांसाठी जाहिरात आली होती. त्या दात्यांपैकी एका निनावी पुरुषाचा डीएनए प्रकल्पाच्या प्रयोगांत विशेष चांगला टिकला. संदर्भ म्हणून जग वापरत आले त्या जीनोमचा सुमारे ७० टक्के भाग त्या एकट्याचा आहे. शिवाय २००३ची प्रत पूर्ण नव्हतीच; गुणसूत्रांच्या मध्यभागी आणि टोकांना एकच मजकूर हजारो वेळा पुन्हा येतो, तो भाग सुमारे आठ टक्के होता आणि तसाच राहिला होता. दीडशे अक्षरांचा तुकडा अशा ठिकाणी नेमका कुठला, हे ठरवताच येत नाही. तो भाग २०२२मध्ये पूर्ण वाचला गेला, आणि त्यासाठी लांब तुकडे वाचणारी निराळी यंत्रे लागली.

त्यांपैकी एक यंत्र तळहातावर मावते. ऑक्सफर्ड नॅनोपोर कंपनीने ते २०१४मध्ये संशोधकांच्या हाती दिले. त्यात पातळ पडद्याला सूक्ष्म छिद्रे असतात आणि छिद्रातून क्षारांचा विद्युत्प्रवाह वाहत असतो. डीएनएचा धागा छिद्रातून ओढला जाताना आतल्या अक्षरांनुसार प्रवाह कमीजास्त होतो आणि त्या चढउतारांवरून क्रम कळतो. धागा हजारो, कधी लाखो अक्षरांचा असला तरी चालतो. ही छिद्रे म्हणजे निसर्गाने घडवलेली आणि माणसाने सुधारलेली प्रथिनेच आहेत. एप्रिल २०१५मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी अशी यंत्रे विमानाच्या सामानातून पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीला नेली. तिथे इबोलाची साथ चालू होती, प्रयोगशाळांना वीजही भरवशाची नव्हती. त्यांनी १४२ नमुने वाचले, आणि नमुना हाती आल्यापासून चोवीस तासांच्या आत उत्तर मिळू लागले. कोणत्या गावातली लागण कोणत्या साखळीतली, हे साथ चालू असतानाच कळण्याची ही मोठी पायरी होती. पुढे करोनात जगभर तीच पद्धत वापरली गेली.

जनुकांची यादी कळणे आणि त्यांतली कोणती जनुके आत्ता चालू आहेत हे कळणे, यांत फरक आहे. यकृताच्या आणि मेंदूच्या पेशीत डीएनए एकच असतो; चालू जनुके वेगळी असतात. चालू जनुकाची आरएनए प्रत निघते. ती मोजण्यासाठी १९९५मध्ये स्टॅनफर्डमध्ये पॅट्रिक ब्राउन यांच्या गटाने काचपट्टीवर जनुकांचे ठिपके छापण्याची रीत दाखवली. सुरुवातीला ठिपके होते फक्त ४५ जनुकांचे. दोन वर्षांतच यीस्टची जवळजवळ सगळी, म्हणजे सहा हजारांवर जनुके एका पट्टीवर आली. पुढे आरएनएही थेट वाचायला सुरुवात झाली. २०१५मध्ये हार्वर्डच्या एका गटाने उंदराच्या डोळ्यातल्या पडद्याच्या पेशी तेलातल्या सूक्ष्म थेंबांत एकएकट्या बंद केल्या, प्रत्येक थेंबातल्या आरएनएला वेगळी खूण चिकटवली आणि ४४,८०८ पेशींतली चालू जनुके एकाच प्रयोगात मोजली. पेशींचे ३९ प्रकार वेगळे निघाले. एवढ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून तपासायला लागणाऱ्या काळाचा विचार केला, की या तंत्राची किंमत कळते.

तरीही आरएनए म्हणजे प्रथिन नव्हे. आरएनए भरपूर आणि प्रथिन कमी, किंवा याच्या उलट, असे पेशीत सर्रास होते. प्रथिन बनल्यावर त्याला फॉस्फेट चिकटतो, साखर चिकटते, त्याचे तुकडे पडतात, आणि त्यानुसार त्याचे काम सुरू होते किंवा थांबते. जनुकांत हे लिहिलेले नसते. ते प्रथिनातच पाहावे लागते.

प्रथिने मोठ्या संख्येने पाहण्याचा राजमार्ग म्हणजे त्यांचे वजन करणे. मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र रेणूंना विद्युत्भार देऊन निर्वात पोकळीत उडवते आणि त्यांच्या हालचालीवरून त्यांचे वस्तुमान ठरवते. लहान रेणूंसाठी ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होते. प्रथिनांची अडचण अशी, की ती उडवायला उष्णता दिली तर ती मोडतात.

कोइची तानाका हे क्योटोच्या शिमाद्झू कंपनीत काम करणारे तरुण अभियंते. पदवी विद्युत अभियांत्रिकीची, डॉक्टरेट नाही. १९८५मध्ये कोबाल्टची बारीक भुकटी आणि ग्लिसरीन हे दोन पदार्थ त्यांच्या हातून चुकून एकत्र मिसळले गेले. कोबाल्टची भुकटी महाग, टाकून देणे जिवावर आले, म्हणून त्यांनी ते मिश्रण तसेच वापरून पाहिले. लेसरचा झोत पडल्यावर मोठा रेणू न मोडता उडाला. पुढे जर्मनीत मिखाएल कारास आणि फ्रान्त्स हिलेनकाम्प यांनी या दिशेने अधिक संवेदनशील पद्धत विकसित केली आणि प्रयोगशाळांत तीच रुळली. अमेरिकेत जॉन फेन यांनी दुसरी वाट काढली: प्रथिनांचे द्रावण उच्च विद्युत्दाबाखाली सुईतून फवारायचे, थेंब सुकत सुकत नाहीसे होतात आणि भारित प्रथिने हवेत उरतात. २००२च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग फेन आणि तानाका यांनी वाटून घेतला. फेन ८५ वर्षांचे होते, तानाका ४३ वर्षांचे. कारास आणि हिलेनकाम्प यांनाही त्यात वाटा मिळायला हवा होता, असे अनेक शास्त्रज्ञांनी तेव्हा म्हटले आणि ते पटण्याजोगे आहे.

तानाका यांच्या वाटेने आलेले एक यंत्र आता भारतातल्याही मोठ्या रुग्णालयांत आहे. रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेल्या जिवाणूंचा कण धातूच्या पट्टीवर लावायचा, त्यावर लेसर टाकायचा. त्यांच्या प्रथिनांच्या वजनांचा आलेख काही मिनिटांत मिळतो आणि जिवाणू कोणता ते ओळखता येते. पूर्वी याच ओळखीसाठी आणखी एखादा दिवस जाई. रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या माणसाच्या दृष्टीने तो एक दिवस फार मोलाचा असतो.

शरीरातली हजारो प्रथिने एकदम ओळखायची, तर इन्ग्रॅम यांचे ट्रिप्सिन आजही लागते. नमुन्यातली सगळी प्रथिने त्याने कापतात. ते फक्त लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांपाशीच कापते, म्हणून तुकडे कुठे पडतील ते आधीच सांगता येते. तुकडे एका बारीक नळीतून सावकाश पुढे नेऊन वेगळे करतात, सुईतून यंत्रात फवारतात. यंत्र प्रत्येक तुकड्याचे वजन घेते, मग तो तुकडा वायूच्या रेणूंवर आपटून फोडते आणि त्या तुकड्याच्या तुकड्यांचीही वजने घेते. वजनांतल्या फरकांवरून अमिनो आम्लांचा क्रम दिसू लागतो. पण कोऱ्या पाटीवरून क्रम लावत बसायला वेळ नसतो. संगणक मानवी जीनोममधून निघू शकणाऱ्या सगळ्या तुकड्यांची यादी काढतो आणि मोजलेली वजने कोणाशी जुळतात ते पाहतो. म्हणजे जीनोम वाचून झाला नसता, तर प्रथिनांचे हे वाचनही झाले नसते.

२०१४मध्ये मानवी प्रथिनांचे दोन आराखडे ‘नेचर’मध्ये एकाच वेळी आले. एक जर्मनीतल्या म्युनिकच्या गटाचा. दुसरा अखिलेश पांडे यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतले जॉन्स हॉपकिन्स आणि बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स यांचा. पांडे यांच्या गटाने तीस प्रकारच्या निरोगी ऊती आणि पेशी तपासल्या आणि १७,२९४ जनुकांची प्रथिने सापडल्याचे सांगितले. माणसात प्रथिने बनवणारी जनुके सुमारे वीस हजार. म्हणजे ८४ टक्के काम झाले, असा त्याचा अर्थ होता. भारतीय संस्थेचा एवढा मोठा सहभाग असलेले हे काम अभिमानाचे होतेच. पण लवकरच माद्रिदच्या संशोधकांनी एक विसंगती दाखवली. दोन्ही आराखड्यांत वास ओळखणाऱ्या ग्राहक प्रथिनांची संख्या शंभराच्या वर होती, आणि तपासलेल्या नमुन्यांत नाकातली ऊतीच नव्हती. लाखो वजने लाखो शक्यतांशी जुळवली, की थोडी जुळणी योगायोगानेही होते. त्यानंतर जागतिक प्रथिन संघटनेने नियम कडक केले: प्रथिन सापडले म्हणायचे, तर त्याचे किमान दोन स्वतंत्र आणि पुरेसे लांब तुकडे दिसलेच पाहिजेत. त्या कसोटीवर २०२०मध्ये ९० टक्क्यांवर प्रथिने पक्की झाली. विज्ञानातली ही अशी तपासणी नव्या शोधाइतकीच महत्त्वाची आहे, पण तिच्या बातम्या होत नाहीत.

प्रथिनवाचनातली सर्वांत मोठी अडचण रक्तात दिसते. रक्तद्रवात अल्ब्युमिन हे प्रथिन दर मिलिलिटरला ३५ ते ५० मिलिग्रॅम असते. दाह झाल्याची खबर देणारे इंटरल्यूकिन-६ निरोगी माणसात दर मिलिलिटरला काही पिकोग्रॅम असते. दोघांत सुमारे हजार कोटी पटींचा फरक. ज्या प्रथिनांवरून आजार लवकर ओळखता येईल, ती नेमकी या दुर्मीळ प्रथिनांत असतात, आणि नक्कल करून ती वाढवता येत नाहीत.

यावर स्वीडनमधल्या उप्साला इथे शोधलेला उपाय विलक्षण आहे. प्रत्येक प्रथिनासाठी दोन प्रतिपिंडे घेतात आणि प्रत्येकाला डीएनएचा छोटा धागा बांधतात. दोन्ही प्रतिपिंडे एकाच प्रथिनावर शेजारी शेजारी बसली, तरच दोन धागे एकमेकांना जुळतात. त्या जोडधाग्याची मग पीसीआरने नक्कल करायची आणि तो जनुके वाचणाऱ्या यंत्रात वाचायचा. प्रथिनाची नक्कल होत नाही, तर त्याच्या जागी डीएनएची करायची. अशा रीतीने ब्रिटनमधल्या स्वयंसेवकांचे नमुने साठवणाऱ्या यूके बायोबँकेने ५४ हजारांवर व्यक्तींच्या रक्तातली २,९२३ प्रथिने मोजली. त्याचे निष्कर्ष २०२३मध्ये ‘नेचर’मध्ये आले. जानेवारी २०२५मध्ये सहा लाख नमुन्यांत ५,४०० प्रथिनांपर्यंत मोजणी करण्याची पुढची योजना जाहीर झाली. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या संशोधकांनी तर २०२१मध्ये डीएनएला जोडलेली अमिनो आम्लांची माळ नॅनोपोरच्या सूक्ष्म छिद्रातून ओढून, एका अमिनो आम्लाचा बदलही ओळखता येतो, हे दाखवले. त्यांची माळ फक्त २६ अमिनो आम्लांची होती. बहुतेक प्रथिनांत ती शेकड्यांनी असतात. संपूर्ण प्रथिन असे वाचण्याची वाट अजून लांब आहे.

महाराष्ट्रात हे काम कुठवर आले आहे? तंबाखू चघळण्याने गाल आणि हिरड्यांना होणारा कर्करोग ही आपल्याकडची मोठी व्यथा. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जैववैद्यकीय जीनोमविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आणि नवी मुंबईत खारघरला असलेले टाटा मेमोरियलचे संशोधन केंद्र ‘अ‍ॅक्ट्रेक’ यांनी रुग्णांच्या गाठींतली जनुके वाचून, त्यांत वारंवार बदलणारी पाच नवी जनुके २०१३मध्ये दाखवून दिली. पाश्चात्त्य देशांतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या अभ्यासांत ती पुढे आली नव्हती. आयआयटी मुंबईत संजीव श्रीवास्तव यांच्या गटाने कस्तुरबा रुग्णालयातल्या करोनाच्या रुग्णांची रक्तद्रवातली प्रथिने मास स्पेक्ट्रोमीटरने तपासली आणि गंभीर आजारात कोणती वाढतात ते पाहिले. कर्करोगाच्या गाठींतली जनुके आणि प्रथिने एकत्र अभ्यासण्यासाठी आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था यांच्यात २०१८मध्ये करारही झाला.

या सगळ्यात एक प्रश्न सतत समोर येतो: निरोगी म्हणजे कोणासारखे? हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरे गळालेला बदल दाखवला. तो असलेल्यांना उतारवयात हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो. भारतीय उपखंडात सुमारे चार टक्के लोकांत तो आहे, युरोपीय लोकांत जवळपास नाहीच. बफेलोच्या दात्याच्या प्रतीवरून हा धोका कोणाच्या लक्षात आला नसता. म्हणूनच २०२०मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प सुरू केला. देशभरातल्या वीस संस्थांनी ८०हून अधिक समाजगटांतल्या सुमारे दहा हजार निरोगी व्यक्तींचे जीनोम वाचले, आणि जानेवारी २०२५मध्ये फरिदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रात ही माहिती संशोधकांना खुली झाली. त्याच प्रकल्पात गोळा केलेले वीस हजार रक्तनमुने बंगळुरूत भारतीय विज्ञान संस्थेच्या मेंदू संशोधन केंद्रात साठवलेले आहेत.

युरोपीय वंशाच्या लाखो लोकांच्या रक्तातल्या प्रथिनांची मोजणी आता होत आहे, आणि त्यावरून ठरणाऱ्या सामान्य पातळ्या उद्या आपल्या रुग्णालयांतल्या अहवालांवर छापल्या जातील. भारतीय माणसात मधुमेह कमी वयात आणि कमी वजनावर होतो, हृदयविकार लवकर येतो, शरीरातली चरबी वेगळ्या ठिकाणी साठते. त्याच्या रक्तातली प्रथिने परक्या मापाने मोजणे योग्य नाही. जीनोम इंडियासारखाच, पण प्रथिनांसाठीचा प्रकल्प आता उभा राहायला हवा. गडचिरोलीच्या माडिया वस्तीपासून मुंबईच्या चाळीपर्यंतचे लोक त्यात असावेत, त्यांच्या आहाराची, वयाची आणि आजारांची नोंद असावी, आणि काही वर्षांनंतर तीच माणसे पुन्हा तपासता यावीत. जीनोम जन्मभर जवळपास तसाच राहतो. प्रथिने मात्र ताप आला, बाळंतपण झाले, उपास घडला, तरी बदलतात. एकदा मोजून हे काम संपणार नाही.